दहा डिग्री, हाफ पँट आणि बॉस्टन

चार महिने घरात कोंडून बसलेलं शहर एका शनिवारी अचानक बाहेर पडतं. हा शनिवार कुठल्याच कॅलेंडरमध्ये छापलेला नसतो. म्हणूनच तो चुकवायचा नाही!

पुण्यात पारा दहावर उतरला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नकोच. कपाटातले स्वेटर बाहेर येतात, आजोबांची कानटोपी निघते, नाक्यानाक्यावर शेकोट्या पेटतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्या शेकोटीचा फोटो हमखास छापून येतो. बॉस्टनमध्ये एप्रिलच्या सुरुवातीला हाच पारा दहावर चढतो. आणि मग? लोक हाफ पँट घालून रस्त्यावर येतात. खरंच सांगतोय. कॅफेवाले खुर्च्या फुटपाथवर मांडतात, पोरं हिरवळीवर अनवाणी फ्रिसबी खेळतात (हिरवळ म्हणजे अजून पिवळटच असते, पण कोण बघतंय?), आणि आइस्क्रीमच्या दुकानाबाहेर ही लांबलचक रांग लागते. तुम्ही जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बघत राहता आणि मनात म्हणता, ही मंडळी वेडी आहेत का?

नाहीत. त्यांचा चार महिन्यांचा कडक उपास नुकताच सुटलाय. आणि पारण्याला कुणी मोजूनमापून जेवत नाही.

आधी उपास

हे पारणं समजायचं तर आधी उपास समजायला हवा. कंपनीने मला प्रोजेक्टसाठी तिकडे पाठवलं ते नोव्हेंबरात. पहिला बर्फ पडला तेव्हा मी आणि माझा सांगलीचा रूममेट रात्री अकरा वाजता खाली जाऊन फोटो काढत होतो. फुल्ल टू धमाल! तिसऱ्या वेळी बर्फ पडला तेव्हा मात्र दोघांच्याही हातात फावडी होती.

पण बॉस्टनच्या हिवाळ्यात खरी छळते ती थंडी नव्हे, अंधार. डिसेंबरात तिथे दुपारी सव्वाचारच्या आतच सूर्य मावळतो. दुपारी! म्हणजे आपल्याकडे चहाची वेळ होते तेव्हा तिथे दिवेलागण. लंचनंतरची मीटिंग संपवून खिडकीबाहेर बघावं तर रात्र. घरी फोन केला की आई विचारायची, 'तुझा आवाज असा का येतोय?' आवाजाला काहीच झालेलं नसायचं. दिवसभरात माणसाशी बोलणंच झालेलं नसायचं. रस्त्यावर सगळे मान खाली घालून, टोपी कानावर ओढून भराभर चालतात. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं तेसुद्धा मार्चपर्यंत कळत नाही.

बर्फाचे आकडेही ऐकून ठेवा. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये १०८ इंचांहून जास्त बर्फ पडला. म्हणजे नऊ फूट. शहरातला बर्फ ट्रकमध्ये भरून सीपोर्ट भागात नेऊन ओतला, तर त्याचा डोंगर झाला आणि त्या डोंगराचा शेवटचा ढिगारा वितळला १४ जुलै २०१५ ला! अशा वेळी रस्त्यावर गाडी लावण्यापुरती जागा फावड्याने मोकळी करायला दोन-दोन तास लागतात. म्हणून गाडी काढून जाताना लोक त्या जागेत घरातली मोडकी खुर्ची ठेवून जातात. 'ही जागा माझी' असा त्याचा अर्थ. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट पकडणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून द्यावं लागत नाही. मला तर पहिल्यांदाच तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं.

वसंत येतो कसा?

फुलं घेऊन येत नाही, हे पहिलं लक्षात ठेवा. कॅलेंडरमधला वसंत २० मार्चच्या सुमारास लागतो आणि त्या आठवड्यात बर्फही पडू शकतो. आपला पाडवा याच दिवसांत येतो. तिथली मराठी मंडळी हॉलमध्ये जमून गुढी उभारतात, श्रीखंड-पुरी होते, आणि हॉलच्या खिडकीबाहेर सगळी झाडं खराट्यासारखी उभी असतात. चैत्रपालवी तिथे वैशाखात येते.

वसंताच्या खऱ्या खुणा वेगळ्या. पहिली खूण घड्याळात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सगळं शहर घड्याळ एक तास पुढे करतं आणि संध्याकाळ एका फटक्यात एक तासाने लांबते. सोमवारी ऑफिसमधून बाहेर पडलो तर चक्क उजेड! लिफ्टमधले सगळे जण एकमेकांकडे बघून हसत होते. दुसरी खूण रस्त्यावरचे खड्डे. डांबराच्या भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं, दिवसा वितळतं, आणि या ओढाताणीत रस्ता फुटतो. खड्डे दिसले की मुंबईकराला पावसाळा आठवतो, बॉस्टनकराला वसंत. तिसरी खूण हातमोजे. बर्फ उतरायला लागला की त्याखाली हिवाळाभर हरवलेले एकेकटे हातमोजे सापडतात आणि ज्याला सापडतील तो ते कुंपणाच्या टोकावर अडकवून ठेवतो. मार्चअखेर कुंपणं जणू हात वर करून उभी असतात.

शहराबाहेर याच दिवसांत मेपलचा रस काढतात. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा थोडी ऊब, असं चाललं की शुगर मेपलच्या खोडात रस वाहायला लागतो. खोडाला छोटं भोक पाडून तो गोळा करायचा आणि आटवायचा. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात या रसाच्या भट्ट्या बघायला लोक गाड्या काढून जातात. कढईवरची वाफ, तो गोड वास, भोवती उभी पोरंटोरं. अगदी आपलं गुऱ्हाळच! फक्त काकवीऐवजी सिरप आणि भाकरीऐवजी पॅनकेक.

शनिवार : नदीकाठी

माझं ऑफिस होतं केंब्रिजच्या केंडल स्क्वेअरला. रोजची रेड लाइनची मेट्रो केंडलच्या आधी चार्ल्स नदीवरच्या लाँगफेलो पुलावरून जाते. मिनिटभराचा प्रवास, पण अख्ख्या शहरातला सगळ्यात देखणा. जानेवारी-फेब्रुवारीत खाली नदी नावाचं एक पांढरं मैदान दिसायचं. मार्चमध्ये त्याला तडे गेले. मग एका सकाळी डब्यातल्या सगळ्या माना मोबाइलमधून वर आल्या, कारण खाली निळं पाणी होतं आणि त्यावर आठ वल्ह्यांची एक होडी सुळकन चालली होती. मागे लाँचमधून कोच भोंग्यात ओरडत होता. त्याच क्षणी ठरवलं, या शनिवारी घरात बसायचं नाही.

नदीच्या बॉस्टनकडच्या काठाला एस्प्लनेड म्हणतात. काही किलोमीटर लांबीची ही बाग म्हणजे या शहराचा मरीन ड्राइव्ह. चार्ल्स/एमजीएच स्टेशनला उतरायचं, पादचारी पूल ओलांडायचा आणि पश्चिमेकडे नुसतं चालत सुटायचं. त्या शनिवारी तिथे काय नव्हतं! बाबागाडीतली बाळं (हिवाळ्यात जन्मलेली, पहिल्यांदाच ऊन बघणारी), दोन-दोन कुत्री सांभाळणाऱ्या आजी, जॉगिंग करणारे विद्यार्थी आणि मॅरेथॉनची शेवटची तयारी करणारे शेकडो लोक. बॉस्टन मॅरेथॉन १८९७ पासून होते आणि ती एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी असते. म्हणजे धावणाऱ्यांची सगळी प्रॅक्टिस ऐन बर्फात! त्यांच्या चेहऱ्यावरचं ते ऊन मला आजही आठवतं.

पण मला सगळ्यात मजेशीर वाटलं ते वेगळंच. लोक बोलत होते. एकमेकांशी, अनोळखी माणसांशी, कुत्र्यांशी. बाकावर शेजारी बसलेल्या काकांनी आपणहून सुरुवात केली, 'काय मस्त दिवस आहे नाही?' पाच महिन्यांत पहिल्यांदा रस्त्यावरचं कुणी माझ्याशी कामाशिवाय बोललं होतं. मग विषय निघाला हिवाळ्याचा, मग क्रिकेट आणि बेसबॉलचा. पाऊण तास झाला. निघताना ते म्हणाले, आता डक्सना भेटून जा.

हे डक्स म्हणजे पब्लिक गार्डनमधली ब्राँझची बदकं. रॉबर्ट मॅक्लॉस्कीच्या १९४१ च्या मुलांच्या पुस्तकातली एक बदकीण आणि तिची आठ पिल्लं इथे १९८७ पासून ओळीने उभी आहेत. ईस्टर आला की कुणीतरी त्यांना रंगीत टोप्या घालून जातं. शेजारच्या तळ्यात १८७७ पासून पायडलवर चालणाऱ्या हंसाच्या बोटी असतात, पण त्या सुरू होतात एप्रिलच्या मध्यावर. मला त्या दिसल्या नाहीत आणि काहीच बिघडलं नाही. ज्या माणसाने फेब्रुवारी बघितलाय त्याला नुसतं बाकावर बसणंसुद्धा पुरतं.

मेलेलं दिसतं, मेलेलं नसतं

दुपारनंतर ऑरेंज लाइन पकडून फॉरेस्ट हिल्सला गेलो. शेवटचं स्टेशन, आणि तिथून चालत पाच-सात मिनिटांवर अर्नोल्ड आर्बोरेटम. आर्बोरेटम म्हणजे झाडांचं संग्रहालय. १८७२ मध्ये सुरू झालेली हार्वर्ड विद्यापीठाची ही २८१ एकरांची बाग. गंमत म्हणजे हार्वर्डने जमीन शहराला दिली आणि १८८२ मध्ये शहराकडून वर्षाला एक डॉलर भाड्याने परत घेतली, तीही एक हजार वर्षांच्या कराराने. आपल्या ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवाल्यांनी नुसतं स्वप्नात बघावं!

तिकीट नाही. प्रत्येक झाडावर नावाची पट्टी. एप्रिलच्या सुरुवातीला गेलात तर पहिल्यांदा निराश व्हाल, कारण नव्वद टक्के बाग वाळलेली वाटते. पण जरा थांबा, वाका, बघा. पाचोळ्यातून जांभळे क्रोकस वर आलेले असतात. विच हेझेल नावाच्या झुडपाला केशरी-पिवळ्या दोऱ्यांसारखी फुलं असतात, आणि ती तर बर्फातच फुललेली असतात. तळ्याकाठच्या विलोच्या फांद्या पिवळ्या पडायला लागलेल्या असतात. म्हणजे फांद्यांत जीव आलेला असतो.

आणि एका झाडापाशी मुद्दाम जा : डॉन रेडवूड. सूचिपर्णी असून हिवाळ्यात पानं गाळणारं हे झाड. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांना ते फक्त जीवाश्मांतून माहीत होतं, लाखो वर्षांपूर्वी संपलेलं म्हणून. मग चीनमध्ये ते जिवंत सापडलं आणि १९४८ मध्ये त्याचं बी इथे आलं. इथून ते जगभरच्या बागांत गेलं. एप्रिलमध्ये हे झाड अगदी वठल्यासारखं दिसतं. त्याला हात लावून उभा राहिलो तेव्हा वाटलं, संपलं म्हणून सोडून दिलेलं किती काय काय नुसतंच थांबलेलं असतं. (जास्त फिलॉसॉफी होतेय का? चार महिने अंधारात काढून बघा!)

रविवार : वॉल्डनकाठी

रविवारी सकाळी नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्गची लोकल पकडली. पाऊणएक तासात काँकॉर्ड. छोटं, टुमदार गाव. स्टेशनपासून वॉल्डन तळं अडीचएक किलोमीटर, चालत सहज जाता येतं. हेन्री डेव्हिड थोरो नावाचा तरुण ४ जुलै १८४५ ला या तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या दहा बाय पंधरा फुटांच्या झोपडीत राहायला गेला आणि दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला. त्यातून जे पुस्तक झालं ते 'वॉल्डन'. मराठीत ते आणलं दुर्गाबाई भागवतांनी, 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या बाईंना हा ऋतूंचा वेडा माणूस जवळचा वाटला यात नवल काय?

वॉल्डन बघून एक धक्का बसतो. हे काही अरण्य नाहीच. तळ्याच्या टोकाला लागून रेल्वे जाते, आपण आलो तीच. थोरोच्या वेळीही ती होतीच. वसंतात रुळांच्या कडेची गोठलेली माती वितळून ओघळायची आणि त्या ओघळांत पानांचे आकार दिसायचे, ते बघत तो तासन् तास उभा राहायचा. म्हणजे गाव जवळ, लोकल जवळ आणि तरी बघायला एवढं! आपल्यासारख्या लोकलवाल्यांसाठी हे फारच दिलासा देणारं आहे.

तळ्याभोवतीची पायवाट पावणेतीन किलोमीटरची. वाटेत झोपडीची जागा लागते. तिथे आता दगडी खांब आहेत आणि शेजारी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी रचलेला दगडांचा ढीग. सावलीत बर्फाचे तुकडे अजून पडलेले, वाटेत घोट्यापर्यंत चिखल, आणि पाणी असं की हात घातला तर बोटं बधिर. तरी वेटसूट घालून दोघे जण पोहत होते! शेजारच्या एका डबक्यातून क्वॅक-क्वॅक आवाज आला. बदकं असतील म्हणून डोकावलो तर बेडूक. वुड फ्रॉग. हा पठ्ठ्या हिवाळ्यात अक्षरशः गोठतो, त्याचं हृदय थांबतं, आणि ऊब आली की पुन्हा धडधडायला लागतं. सगळ्या बॉस्टनचं प्रतीक म्हणून याचाच पुतळा बसवायला हवा.

मुंबईने खाल्लेली थंडी

आता मुंबईकरांसाठी खास. या परिसरातली थंडी एकेकाळी आपल्याकडे विकायला यायची. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने गरम देशांत पाठवायचा धंदा काढला. १८३३ मध्ये त्याचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचलं तेव्हा त्यातला निम्म्याहून जास्त बर्फ शिल्लक होता! लगेचच मुंबईलाही अमेरिकन बर्फ येऊ लागला. १८४६-४७ च्या हिवाळ्यात ट्यूडरची माणसं वॉल्डनवरच बर्फ कापायला आली आणि थोरो ते रोज बघत होता. आपल्या तळ्याचं पाणी आता मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे घामाघूम लोक पिणार, या कल्पनेने तो भलताच खूश झाला. 'वॉल्डन'मध्ये मुंबईचं नाव आहे ते असं! पुढे कारखान्यात बर्फ बनू लागला आणि हा धंदा वितळला.

तारखांची वही

थोरो दर वर्षी तळं पूर्ण मोकळं झाल्याची तारीख लिहून ठेवायचा. १८४५ मध्ये १ एप्रिल, १८४६ मध्ये २५ मार्च, १८४७ मध्ये ८ एप्रिल, १८५२ मध्ये तर १८ एप्रिल. शिवाय शेकडो फुलांच्या पहिल्यांदा फुलण्याच्या तारखा. बॉस्टन विद्यापीठाचे शास्त्रज्ञ रिचर्ड प्रिमॅक यांनी या नोंदी बाहेर काढून आजच्या तारखांशी जुळवल्या. निघालं ते असं : तळ्यावरचा बर्फ आता साधारण दोन आठवडे आधी वितळतो, फुलं सरासरी दहाएक दिवस आधी येतात आणि थोरोने बघितलेल्या रानफुलांपैकी पाव जाती काँकॉर्डमध्ये आता दिसतच नाहीत.

शहरातही तेच. नऊ फूट बर्फ बघितलेल्या बॉस्टनमध्ये २०२२-२३ च्या अख्ख्या हिवाळ्यात पडला १२.४ इंच आणि पुढच्या हिवाळ्यात दहा इंचांहूनही कमी. बाकावरच्या त्या काकांना मी म्हटलं होतं, बरंय की, फावडं मारायला नको! ते हसले नाहीत. म्हणाले, मग या दिवसाचं काय राहील?

तेव्हा मला ते फारसं कळलं नव्हतं. वॉल्डनच्या वाटेवर कळलं. दहा डिग्रीतल्या उन्हाची किंमत आधीच्या चार महिन्यांत ठरते. उपासच उरला नाही तर पारणं कसलं? तो नुसता आणखी एक शनिवार. म्हणून सांगतो, तुमच्यापैकी जे कुणी प्रोजेक्टवर, शिकायला किंवा बहिणीकडे म्हणून तिकडे जाल, त्यांनी मेमधल्या लायलॅकची आणि कॉमनवेल्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या गुलाबी मॅग्नोलियाची वाट बघत घरात बसू नका. ते बघाच, पण ते सगळेच बघतात. पहिली होडी दिसली की त्याच शनिवारी बाहेर पडा. पायात जुने बूट, खिशात हातमोजे (दोन्ही सांभाळा!) आणि बाकावर शेजारच्या माणसाशी बोलायची तयारी. एवढंच सामान.

परतीच्या लोकलमध्ये फोनवर एक नोट उघडली आणि लिहिलं : वॉल्डन, तळं मोकळं, बेडूक ओरडतायत. खाली तारीख. पुढच्या वर्षी मी तिथे नव्हतो, पण रूममेट होता. एका रविवारी रात्री त्याचा मेसेज आला. मजकूर एकाच ओळीचा होता : बेडूक आले, नऊ दिवस आधी.

जायचं असेल तर...

कधी : मार्चअखेर ते एप्रिलचा दुसरा आठवडा. हवामानाचा अंदाज गुरुवारी बघा, त्याआधी काही ठरवू नका.

एस्प्लनेड : रेड लाइन, चार्ल्स/एमजीएच स्टेशन. नदीवरचा वारा बोचरा असतो, कान झाका.

आर्बोरेटम : ऑरेंज लाइन, फॉरेस्ट हिल्स. प्रवेश मोफत. पीटर्स हिलवरून शहराच्या उंच इमारती मस्त दिसतात. डबा न्याल तर बाहेरच खा. इथे पिकनिकला परवानगी वर्षातून एकदाच, मेच्या दुसऱ्या रविवारी लायलॅक संडेला.

वॉल्डन : नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्ग लाइन, काँकॉर्डला उतरा. परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा, रविवारी गाड्या कमी असतात. कारने गेलात तर पार्किंगचे पैसे पडतात आणि जागा भरली की आत सोडत नाहीत.

खादाडी : साउथ बॉस्टनच्या कॅसल आयलंडवरची सलिव्हन्स ही टपरीवजा जागा १९५१ पासूनची. हिवाळ्यात बंद असते आणि फेब्रुवारीअखेर उघडते. कुडकुडत रांगेत उभं राहून आइस्क्रीम खायचं आणि डोक्यावरून उतरणारी विमानं बघायची. बॉस्टनकरांसाठी वसंताचं उद्घाटन होतं ते इथेच!